कानाला एक, कागदावर दोन

मराठी माध्यमातून शिकलेल्या मी नोकरीसाठी पहिला इंग्रजी अर्ज केला तो एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांकडे. मायना लिहिला, ‘द प्रिन्सिपल’. मुलाखतीत त्यांनी अर्ज माझ्यासमोर धरला आणि विचारलं, “हा अर्ज मला केलाय, की तत्त्वाला?” शब्दाच्या शेवटी ‘पी-ए-एल’ऐवजी मी ‘पी-एल-ई’ लिहिलं होतं. उच्चार तोच, पण अर्थ प्राचार्याऐवजी तत्त्व! सगळे हसले. नोकरी तर गेलीच. पुढे कित्येक वर्षं इंग्रजीत दोन ओळी लिहायलाही हात धजावेना.

खूप उशिरा कळलं, की दोष माझ्या कानाचा नव्हता. ‘नाइट’ म्हणजे रात्र की सरदार, हे नुसतं ऐकून इंग्रजालाही सांगता येत नाही; वाक्यावरूनच कळतं. सरदाराच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘के’ आहे. तो पूर्वी स्पष्ट उच्चारत. ‘जी-एच’चाही घशातून ‘ख’सारखा आवाज निघे. १४७६मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. छपाईबरोबर स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, बोलणं मात्र बदलत राहिलं. ‘के’ जिभेवरून गेला, कागदावर राहिला. भेटणं आणि मांस या अर्थांचे दोन ‘मीट’ही पूर्वी वेगवेगळे ऐकू येत.

कधी उलटंही घडलं. फुलाचा ‘फ्लॉवर’ आणि पिठाचा ‘फ्लॉवर’ मुळात एकच शब्द. दळलेल्या धान्यातला सगळ्यात बारीक, उत्तम भाग म्हणजे त्याचं जणू फूलच! पुढे अर्थ दुरावले, तसं स्पेलिंगही वेगळं झालं.

आपण तरी कुठे सुटलोय? ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. बोलताना हा फरक किती जण करतात? फळ्यावर मात्र चुकलं, की ‘शिक्षक दिना’चा ‘शिक्षक दीन’ होतो! संगणकातली साधी स्पेलिंग-तपासणीही इथे गप्प बसते, कारण दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबरच असतात. म्हणून असे शब्द सुटे पाठ करू नयेत, वाक्यात बसवून लक्षात ठेवावेत.

पुढे मी स्वतः शिक्षक झालो. एखाद्या मुलाच्या वहीत अशी चूक दिसली, की लाल शाईचं पेन क्षणभर बाजूला ठेवतो. “तू ऐकलंस ते बरोबरच होतं,” असं आधी सांगतो. मग त्या शब्दाची गोष्ट सांगतो.