ओंडका गेला, काम कुठे गेले?

श्रोतेहो, चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान देशभर नावाजलेले आहे. आलापल्लीचे जंगल, बल्लारपूरचे लाकूड-आगार ही नावे व्यापाऱ्यांच्या तोंडी असतात. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान रवाना झाले ते बल्लारपूरहूनच. लाकूड दूरवर जावे यात वाईट काही नाही. पण ओंडक्याबरोबर आणखी एक वस्तू गाडीत चढते. ती म्हणजे काम. आज तिच्याविषयी थोडे बोलू.

सरकारी जंगलातली तोड मनाला येईल तशी होत नाही. कार्य आयोजनेत ठरलेल्या कूपात, खुणेचा हातोडा पडलेलीच झाडे तोडली जातात. ओंडके आगारात येतात, प्रतवारीप्रमाणे थप्प्या लागतात आणि लिलावात ज्याची बोली सर्वांत वरची, तो माल उचलतो. यावर गावोगाव एक वाद ऐकू येतो. गावकरी म्हणतात, "जंगल आम्ही राखायचे, वणवा आम्ही विझवायचा, आणि आमच्या सुताराला चौकटीपुरते लाकूड मिळू नये?" सरकारची बाजू अशी की, जंगल साऱ्या राज्याचे आहे, उघड्या लिलावाने खजिन्याला योग्य किंमत मिळते. स्वस्तात वाटू लागलो की वशिला शिरतो. खरे सांगायचे तर दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून बघा. ओंडक्याचा घेर १.२० मीटर, लांबी ३ मीटर. व्यापारी रीतीने घेराचा चौथा भाग ०.३० घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. उत्तर ०.२७ घनमीटर. भूमितीने काढाल तर घनफळ सुमारे ०.३४ येते. मधली तूट कशाची? साल आणि करवतीखाली जाणारा भाग, यांची ती सूट. आता पुढचा प्रश्न मुलांना विचारा: हा ओंडका चिरला, वाळवला, रंधला, त्याचे दार झाले, तर वाढलेली किंमत कोणाच्या हातांनी वाढली? ते हात जिथे, तिथे मजुरी. भुसा नि ढलप्यासुद्धा तिथेच चुलीला लागतात.

ठेकेदाराच्या हातून तोड काढून ती मजुरांच्या हाती द्यावी, म्हणून मुंबई राज्यात १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. ते पहिले पाऊल झाले. दुसरे बांबूचे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात धरला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गाव आपला बांबू आपण विकू लागले. इमारती लाकूड मात्र त्या कायद्याच्या गौण वनोपजात येत नाही.

मग गावोगाव आरागिरणी काढावी काय? नव्हे. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आहे, आणि ते असावेच. बिनपरवान्याची करवत चोरीचे लाकूड एका रात्रीत फळी करून टाकते. मग ते ओळखायचे कोणी? आडमार्गाने मिळवलेले काम फार दिवस पुरत नाही. जंगल सरले की तेही सरते.

मार्ग मधला आहे. लिलाव राहू द्या. पण मालाचा थोडा हिस्सा लहान लॉट करून स्थानिक सुतारांच्या सहकारी संस्थांसाठी राखावा. भाव अलीकडच्या लिलावाच्या सरासरीचा, चिराई परवान्याच्या गिरणीतच, आणि कोणाला किती नग मिळाले त्याची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचलेली. नोंदणी झालेल्या बुरूड कुटुंबांना वनखात्याकडून बांबू देण्याची वहिवाट आपल्याकडे आहेच. सुताराने तेवढेच मागितले तर काय बिघडले? शिवाय नुसते लाकूड मिळून भागत नाही. ओल्या फळीचे दार पहिल्याच उन्हाळ्यात वाकते, आणि गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूकामाचे प्रशिक्षण केंद्र २०१४ मध्ये निघाले. तसे सुतारकामाचे, लाकूड वाळवण्याचे शिक्षण तालुक्याला मिळायला हवे.

तेव्हा ग्रामसभेत हा विषय काढा. "लाकूड द्या" एवढेच म्हणू नका. किती घनमीटर, कोणासाठी, कोण चिरणार, कोण वाळवणार, हे कागदावर लिहून ठराव करा. नुसत्या तक्रारीला कोणीही उत्तर देऊन मोकळा होतो. हिशेबाला उत्तर हिशेबानेच द्यावे लागते.