चाकाचा आवाज आणि रस्त्याची जबाबदारी



आम्ही कोणी शास्त्रज्ञ नव्हे. जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत, रात्री पुस्तके चाळून शिकलो. परंतु कामगार चळवळीने आम्हाला एक धडा दिला आहे: गाऱ्हाण्याला आकडा जोडला नाही, तर साहेब ते ऐकून घेतो आणि विसरून जातो. हमरस्त्याच्या कडेला राहून ज्यांच्या डोळ्याला डोळा लागत नाही, त्यांच्या गाऱ्हाण्याला आकडा कसा जोडायचा, हा आजचा विषय आहे.

रहदारीचा आवाज म्हटला की आपण इंजिनाला आणि भोंग्याला दोष देतो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. मोटारगाडीने ताशी ४०-५० किलोमीटरचा वेग ओलांडला, की इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलू लागतो. टायरवरील नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात. खाचांत कोंडलेली हवा दाबली जाते आणि फसकन बाहेर पडते. आणि टायर व रस्ता यांच्यामधली निमुळती फट कर्ण्यासारखी तो आवाज वाढवते. म्हणून विजेची गाडी आली की शांतता आली, असे मानणाऱ्यांची हमरस्त्यावर निराशा होईल.

आता मोजणी. डेसिबलचा हिशेब वाण्याच्या हिशेबासारखा नसतो. तेवढ्याच आवाजाची दुसरी गाडी आली, तर आकडा दुप्पट होत नाही. फक्त ३ ने वाढतो. उलट पाहा: ३ डेसिबल कमी करणे म्हणजे निम्मी रहदारी हटवण्यासारखे आहे! टायरची परीक्षा घेताना इंजिन बंद ठेवून गाडी वेगात सोडतात आणि मार्गाच्या मध्यापासून ७.५ मीटरवर, १.२ मीटर उंचीवर मायक्रोफोन ठेवतात. रस्त्याची परीक्षा घ्यायची, तर ठरावीक टायरापासून सुमारे २० सेंटिमीटरवर मायक्रोफोन बांधून मैलोगणती फिरतात. युरोपात २०१२ पासून टायरच्या चिठ्ठीवर आवाजाचा आकडा छापतात. परंतु तो ठरावीक गुळगुळीत धावपट्टीवरचा असतो. तुमच्या दारातल्या रस्त्याचा नव्हे.

प्रत्येक दारी मायक्रोफोन ठेवता येत नाही, म्हणून गणित मांडावे लागते. गाड्या किती, कोणत्या, वेग किती, पृष्ठभाग कसला आणि घर किती दूर, हे घालून आवाजाचा नकाशा काढतात. २००२ च्या निर्देशाने युरोपातील देशांना मोठ्या रस्त्यांचे असे नकाशे काढणे बंधनकारक झाले. या गणितात वेग दुप्पट झाला, की टायरचा आवाज साधारण ९ ते १२ डेसिबलने चढतो. मात्र नकाशा बहुधा सरासरी सांगतो; पहाटे तीनला जाणाऱ्या एकट्या मालमोटारीने मोडलेली झोप सरासरीत दिसत नाही. हे आम्ही विसरू नये.

हॉलंडमध्ये बहुतेक द्रुतगती मार्गांवर सच्छिद्र डांबर घातले आहे. कोंडलेल्या हवेला छिद्रांतून वाट मिळते, आवाज काही डेसिबलने उतरतो. पण छिद्रे धुळीने बुजतात आणि असा थर लवकर झिजतो. म्हणजे शांततेला खर्च आहे. तो कोणी सोसायचा, हा प्रश्न शास्त्राचा नाही, आपला आहे.

आपल्याकडे २००० च्या नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी घातली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग काँक्रीटचा झाला, शहरांतले रस्तेही काँक्रीटचे होत आहेत. काँक्रीट टिकते, हे खरे. परंतु चाक घसरू नये म्हणून त्यावर आडव्या, समान अंतराच्या खाचा पाडल्या, की चाके शीळ घातल्यासारखी कुरकुरतात. त्याच खाचा उभ्या पाडल्या तर ही शीळ पुष्कळ कमी होते. खाच कशी पाडायची हे चालक ठरवत नाही, कडेला राहणाराही ठरवत नाही. ते कंत्राटाच्या कागदावर ठरते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. रस्त्याच्या कंत्राटात जाडी आणि मजबुती लिहिता, तसा आवाजही लिहा. रस्ता झाल्यावर तो मोजा आणि आकडा चावडीवर लावा. ज्याची झोप जाते, त्याला तो वाचता आला पाहिजे.