हेलिकॉप्टरची देखभाल आणि नोंदवहीचे स्थान

(विमान देखभाल अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



हेलिकॉप्टरची देखभाल इतर विमानांच्या देखभालीहून अधिक काटेकोर का असावी लागते, याचे उत्तर त्याच्या रचनेतच आहे. विमानाचे इंजिन बंद पडले तरी त्याचे पंख जागेवर असतात. हेलिकॉप्टरचे पंख म्हणजे त्याची फिरती पाती. इंजिने दोन असली तरी त्यांची शक्ती पात्यांपर्यंत नेणारा मुख्य गिअरबॉक्स एकच असतो. सुपर प्यूमा जातीच्या हेलिकॉप्टरमध्ये टर्बाइनच्या मिनिटाला सुमारे २३,००० फेऱ्यांवरून मुख्य रोटरच्या २६५ फेऱ्यांपर्यंत वेग उतरविला जातो. हा सारा भार मोजक्या दातेरी चक्रांवर पडतो. बिघाड झाल्यावर दुरुस्ती, ही आपल्याकडील मोटारगाड्यांची रीत येथे उपयोगाची नाही. भाग निकामी होण्यापूर्वीच तो उतरवावा लागतो.

तो केव्हा उतरवायचा हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. धातूची शिणावट बराच काळ आतल्या आत वाढत असते. म्हणून महत्त्वाच्या भागांचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत, आवर्तनांच्या संख्येत किंवा वर्ष-महिन्यांत ठरवून दिलेले असते. त्यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाईल ती बंधनकारक. ही मोजदाद फक्त कागदावर असते. त्या अर्थाने लॉगबुक आणि प्रत्येक भागाची स्वतंत्र नोंदपत्रिका यांना यंत्राचाच एक भाग मानणे योग्य ठरेल.

याचे सर्वांत बोलके उदाहरण उत्तर समुद्रातील आहे. १ एप्रिल २००९ रोजी मिलर तेल फलाटावरून स्कॉटलंडमधील ॲबरडीनकडे परतणाऱ्या सुपर प्यूमा हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर हवेतच निखळला आणि त्यातील सर्व १६ जण मृत्युमुखी पडले. ब्रिटनच्या अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. गिअरबॉक्समधील एक ग्रहचक्र शिणावटीने तडकले होते. त्यातील अस्वस्थ करणारी बाब अशी की इशारा मिळालेला होता. गिअरबॉक्सच्या तेलात चुंबकीय कणशोधक बसविलेला असतो. झिजणाऱ्या पोलादाचा कण त्याला चिकटतो. २५ मार्च रोजी, अपघातापूर्वी ३६ उड्डाणतास आधी, असा एक कण सापडला होता. त्यानंतर देखभाल करणारी कंपनी आणि उत्पादक यांच्यात दूरध्वनी व ई-मेलवरून विचारविनिमय झाला, पण त्यात गैरसमज राहिला. तो कण ग्रहचक्राच्या ऱ्हासाची खूण म्हणून ओळखला गेला नाही. पुढील उड्डाणांत तपासणीच्या प्रचलित साधनांनी दुसरा इशारा दिला नाही. गिअरबॉक्समधील चुंबकांच्या कड्यामुळे असे कण कणशोधकापर्यंत पोहोचण्याची शक्यताही कमी झाली होती.

येथे तपासणी झाली होती. निष्काळजीपणाने कोणी पाठ फिरविली नव्हती. कण कोठे सापडला, कसा दिसला, कोणती कृती झाली आणि कोणती राहिली, हे दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने कळणे आवश्यक होते. तोंडी देवाणघेवाण कितीही तत्पर असली तरी लेखी व नेमक्या नोंदीची जागा घेऊ शकत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न दूरचा नाही. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हायच्या फलाटांवर तेल कर्मचाऱ्यांची ने-आण हेलिकॉप्टरने होते. १९८५ मध्ये पवन हंसची स्थापना झाली ती प्रामुख्याने या सेवेसाठीच. तेथे खरा शत्रू मीठ. खाऱ्या हवेत इंजिनाचा कॉम्प्रेसर गोड्या पाण्याने वारंवार धुवावा लागतो आणि गंजाची पहिली छटाही नोंदवावी लागते. साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या केदारनाथची अडचण निराळी. फाट्याहून तेथवरचे उड्डाण काही मिनिटांचे. तासांचा हिशेब अल्प दिसतो, पण उड्डाण-अवतरणांची आवर्तने झपाट्याने साठत जातात, आणि विरळ हवेत इंजिनाची राखीव शक्तीही कमी उरते. यात्रेच्या गर्दीत एखादी फेरी लिहायची राहिली, तर तेवढेच त्या भागाचे वय कागदावर कमी होते. हंगाम थोडा, प्रवासी रांगेत आणि यंत्रे मोजकी अशा वेळी ‘आज हे यंत्र उडणार नाही’ असे लिहिणाऱ्या अभियंत्याच्या पाठीशी व्यवस्थापन उभे राहते की नाही, ही कसोटी कोणत्याही नियमावलीहून कठीण आहे.

नियम अर्थातच आहेत. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली असून, देखभालीवर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची देखरेख असते. देखभालीनंतर परवानाधारक अभियंत्याच्या स्वाक्षरीशिवाय यंत्र सेवेत परतत नाही. उड्डाण नियंत्रणाचे दांडे वा जोड सोडविले असतील, तर दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने त्यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. पहिल्याच्या खांद्यावरून नुसती नजर टाकणे म्हणजे ही तपासणी नव्हे.

नोंद कशी करावी याचीही शिस्त आहे. ‘तपासले, ठीक आहे’ एवढे लिहिल्याने पुढच्या पाळीला काहीच कळत नाही. कोणत्या पुस्तिकेच्या कोणत्या आवृत्तीनुसार काम केले, बोल्ट किती टॉर्कने आवळला, काढलेल्या आणि बसविलेल्या भागांचे अनुक्रमांक कोणते, हे त्यात हवे. चूक झाली तर ती खोडून काढू नये. मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच रेघ मारून शेजारी दुरुस्ती आणि स्वाक्षरी करावी. संगणकीय नोंदीतही आधीचा मजकूर शिल्लक राहिला पाहिजे.

हेलिकॉप्टर विकले जाते तेव्हा ही कागदपत्रे त्याच्याबरोबर नव्या मालकाकडे जातात. आयुष्यमर्यादा असलेल्या एखाद्या भागाची नोंदपत्रिका हरवली आणि त्याचा पूर्वेतिहास सिद्ध करता आला नाही, तर तो भाग दिसायला कितीही नवा असो, यंत्रावर चढविता येत नाही.