पाणबुडीतला देश



लोह्याहून समुद्र फार दूर. म्हणून पडद्यावर दिसेल तेच सागरी युद्ध आपण खरे धरतो. २०१७ सालचा 'द गाझी अटॅक' हा चित्रपट यासाठीच पारखून पाहिला पाहिजे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. आपल्या नौदलाने श्रेय 'राजपूत' या विनाशिकेला दिले. पाकिस्तानने अपघात म्हटले. चित्रपटात मात्र भारतीय पाणबुडीच तिला बुडवते.

कल्पनेला आमची हरकत नाही. पण वरून हुकूम नसता हल्ला करावा काय, हा वाद तिथे घालतात ते अधिकारीच. खलाशी हुकूम झेलतो आणि राष्ट्रगीत गातो. वस्तुतः पाण्याखाली एक झडप निकामी झाली, तर कप्तान आणि खलाशी एकदमच बुडतात.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईच्या 'तलवार' तळावर खलाशांनी निकृष्ट अन्न व अपमान यांविरुद्ध संप केला. गिरणी कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरले. त्या खलाशांना तोंड होते.

मरणात ज्याचा वाटा, त्याचा बोलण्यातही वाटा हवा. तो जिथे मुका, तिथे देश अर्धाच दाखवला, असे आम्ही म्हणतो.