ग्राफिक्स कार्डच्या आधी अर्थिंगचं विचारा

शिर्डीतून बोलतोय. मागं हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. घर नगर-मनमाड रोडपासून जवळ आहे, आणि आज गुरुवार.

गेल्या आठवड्यात राहात्याहून मामाच्या मुलाचा मेसेज आला. "दादा, पासष्ट हजार जमलेत. गेमिंग पीसी करायचाय. कार्ड कोणतं घेऊ?" सोबत एका कॅबिनेटचा फोटो. समोर काच, बाजूला काच, आत सात पंखे आणि सातही रंगीत. मी उलटा प्रश्न टाकला, "घरात अर्थिंग आहे का?" त्यानं हसायच्या तीन इमोजी पाठवल्या.

हसू दे. २०१९ साली मला कोणी हे विचारलं असतं तर मीही हसलो असतो.

तेव्हा माझी बारावी झाली होती. पप्पांची गाडी शिर्डी-शिंगणापूर लाईनला चालते. टायरसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी मला दिले. म्हणाले, "घे, पण नीट बघून घे." मी काय बघितलं? कार्ड बघितलं, लाईट बघितल्या. एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकटच मिळाला होता, वर ४५० वॅटचं स्टिकर. म्हटलं, वाचले पैसे!

कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या यायच्या. मित्र आले की आम्ही एकमेकांना हात लावायला लावायचो. गंमत वाटायची. मग जूनमधल्या एका संध्याकाळी वारं सुटलं, लाईट दोन-तीनदा गेली-आली, टेबलाखाली फट् आवाज झाला आणि जळका वास सुटला. एसएमपीएस गेला, जाताना मदरबोर्ड आणि कार्डही घेऊन गेला. जळाल्याची खूण दिसते म्हणून वॉरंटीतही बसलं नाही.

पप्पांनी विचारलं, "दुरुस्त होतो का?" म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "बरं." बास, एवढंच. त्या सीझनला ते रात्रीची जादा फेरी मारायचे. जुन्याच टायरवर. ते "बरं" मला अजून ऐकू येतं.

म्हणून आजचा भाग. यूट्यूबवर पीसी जोडणारे बहुतेक लोक एसीच्या खोलीत बसलेले असतात. आपली खोली तशी नाही. पीसी निवडायचा तो आपल्या खोलीसाठी, आपल्या विजेसाठी. मी भावाला जो क्रम सांगितला तोच तुम्हाला सांगतो. भाव रोज हलतात, त्यामुळे किमती सांगत नाही.

पहिलं, अर्थिंग. त्या झिणझिण्या कुठून येतात? एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारा फिल्टर असतो. तो थोडासा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर सोडतो आणि तो अर्थिंगच्या वायरनं जमिनीत जावा अशी रचना असते. अर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटातून वाट शोधतो. म्हणजे झिणझिण्या ही गंमत नाही, तक्रार आहे. सॉकेटला तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. वायरमनला बोलावून तपासून घ्या, स्वतः बोटं घालू नका.

दुसरं, एसएमपीएस. हिशोब सोपा आहे. आरटीएक्स ४०६० कार्ड ११५ वॅट घेतं. साधारण सहा कोअरचा प्रोसेसर ६५ वॅटच्या वर्गातला, जोर लागला की त्याहून जास्त. बाकी बोर्ड, पंखे, एसएसडी धरून गेम चालू असताना अडीचशे वॅटच्या आसपास. या कार्डासाठी कंपनीच ५५० वॅटचा एसएमपीएस सांगते. तो चांगल्या कंपनीचा घ्या, ८० प्लस ब्रॉन्झ बघा, वॉरंटी किती वर्षांची ते बघा. ८० प्लस म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती कामाला येते याची खूण. संरक्षणाची हमी ती नाही, त्यासाठी रिव्ह्यू वाचावेच लागतात. आणि कॅबिनेटसोबत फुकट येतो त्याला लांबूनच नमस्कार.

तिसरं, लाईट गेल्यावर काय? स्वस्तातल्या यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असतं. ते वॅट नाहीत! अशा यूपीएसमधून साधारण ३६० वॅट मिळतात. पीसीचे अडीचशे, मॉनिटरचे तीसेक, म्हणजे काठावरच. एक हजार व्हीएच्या पुढचा घ्या. तोही गेम खेळत राहायला नाही, सेव्ह करून नीट बंद करायला.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावर यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. लाईट गेल्यावर एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद दम धरू शकतो, तोही चांगला असेल तर. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागू शकतो, मग पीसी रिस्टार्ट होतो. खूप जण एसएमपीएस बदलतात आणि दोष त्या बटणाचा असतो.

चौथं, कॅबिनेट. मे महिन्यात आमच्या पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ३८-४० डिग्री असतं. पंखा कितीही फिरवा, तो खोलीतलीच हवा आत घेणार. रिव्ह्यूमध्ये २५ डिग्रीच्या खोलीत कार्ड ७० वर दिसतं, तेच आपल्याकडे ८०-८५ कडे जातं. मग कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं आणि आपण म्हणतो, गेम लॅग होतोय. म्हणून समोर जाळी हवी, काच नको. समोरून दोन १२० मिलिमीटरचे पंखे हवा आत घेतील, मागून एक बाहेर टाकेल. बाहेर जाण्यापेक्षा आत येणारी हवा जास्त असली की फटीफटीतून धूळ कमी शिरते. आत घेणाऱ्या पंख्यांना धुता येणारी जाळी हवी. रोडची धूळ आणि घरातल्या उदबत्तीचा धूर एकत्र आले की पंख्यावर चिकट थर बसतो, नुसत्या फुंकरीनं तो निघत नाही. पीसी जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका.

विकत घेण्याआधी तीन मापं जुळवा. बोर्ड एटीएक्स की मायक्रो एटीएक्स, कार्डाची लांबी किती मिलिमीटर, कूलरची उंची किती. दोन पंख्यांचं कार्ड बसतं, तीन पंख्यांचं अडकतं, असं छोट्या कॅबिनेटमध्ये हमखास होतं.

आणि आता पाचवं, प्रोसेसर आणि कार्ड. भाऊ खेळतो व्हॅलोरंट, कॉलेजसाठी थोडं एडिटिंग. त्याला म्हटलं, पैसे पुरत नसतील तर रायझन ५ ५६००जी घे. त्या 'जी'चा अर्थ असा की ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे. कमी सेटिंगवर व्हॅलोरंट नीट चालतो. रॅम मात्र आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या लाव, सोळाची एक नको. आतल्या ग्राफिक्सला रॅमच वापरावी लागते, दोन पट्ट्यांनी वेग बराच वाढतो. कार्ड दिवाळीनंतर बसव. एसएमपीएस आणि कॅबिनेट आत्ताच नीट घेतलेलं असलं की तेव्हा फक्त चार स्क्रू काढायचे.

खरेदीचं म्हणाल तर २०१७ पासून शिर्डीला विमानतळ आहे, २०२३ पासून मुंबईची वंदे भारत आहे. लॅमिंग्टन रोडला जाऊन भाव करून येता येतं. पण पार्ट बिघडला तर सर्व्हिस सेंटर आपल्या गल्लीत नाही. म्हणून पक्कं बिल घ्या, खोके जपून ठेवा, आणि बॉक्स उघडताना न कापलेला व्हिडिओ काढा.

भावाला हे पटलं का? आधी नाही. दोन दिवस बोलला नाही. मग वायरमननं सॉकेट उघडलं, तर अर्थिंगची वायर बोर्डापर्यंत आलीच नव्हती. तिसरं भोक नुसतं शोभेला! चारशे रुपयांत काम झालं. काचेचं कॅबिनेट त्यानं यादीतून स्वतःच काढलं.

रविवारी तो यादी घेऊन आमच्याकडे आला. पप्पा बाहेर गाडी पुसत होते. त्यांना ना कार्ड कळतं ना रॅम. त्यांनी एवढंच विचारलं, "वायरमन येऊन गेला का रे?" मी आत निघून गेलो.

तर मंडळी, आज एकच काम करा. पीसी असो नसो, घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आणि तुमच्याही कॅबिनेटला झिणझिण्या येत असतील तर कमेंटमध्ये सांगा, लाजू नका. पुढच्या भागात सेकंडहँड कार्ड घेताना काय काय बघायचं ते बोलू. तोवर, राम राम!