बैठकीचे मोल



आज भ्रमणध्वनीवर कोणत्याही गायकाचा कोणताही राग घरबसल्या ऐकता येतो. मग अंबाजोगाईच्या एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाने प्रवासाचा आणि तिकिटाचा खर्च सोसून डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला का जावे? ज्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी लाखो हात ऊसतोडणीसाठी परमुलखात जातात, तेथे असा प्रश्न विचारणारा अरसिक ठरत नाही. त्याला उत्तर मिळाले पाहिजे.

त्यासाठी यंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका बालवयात कानी पडली आणि त्या सुरांच्या ओढीने भीमसेन जोशी यांनी १९३३ च्या सुमारास गदगचे घर सोडले. तबकडीने तहान जागविली. ती भागविण्यास मात्र तबकडी पुरली नाही. ग्वाल्हेर, जालंधर अशी भ्रमंती झाली. जालंधर येथे पं. विनायकबुवा पटवर्धन यांनी दिशा दाखविली आणि घराजवळच्याच कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या चरणी ती तहान भागली. गुरूंच्या निधनानंतर १९५३ साली भीमसेनांच्याच पुढाकाराने पुण्याचा महोत्सव सुरू झाला.

ध्वनिमुद्रणात गाणे घडून गेलेले असते. बैठकीत ते घडत असते. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. बैठकीत तानपुरे जुळेपर्यंत श्रोते थांबतात, गायक स्वर शोधतो, क्वचित चुकतो, सावरतो. तान समेवर येताच शेकडो माना डोलतात आणि त्या दादेतून पुढची तान जन्मते. तेथे श्रोता हा गाण्याचा भागीदार असतो.

बीडच्या मातीला हे नवे नाही. दासोपंतांच्या पासोडीबरोबरच त्यांच्या गेय पदांचा वारसाही याच अंबाजोगाईचा आहे. गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत कीर्तनकाराचा अभंग टाळकरी उचलतात, मृदंगाची थाप छातीत घुमते आणि मांडीवरचे लेकरूही ताल धरते. त्यासाठी कोणालाही तिकीट काढावे लागत नाही. अंबाजोगाईतच नोव्हेंबरात होणाऱ्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय संगीताचीही सभा भरत आली आहे.

म्हणून खर्चाचा प्रश्न पुण्यापासून नव्हे, घरच्या अंगणापासून सोडवावा. आधी गावचा सप्ताह, मग तालुक्याची संगीतसभा आणि ऐपत असेल त्या वर्षी पुणे. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून एकदा तरी मुलांना पुढच्या सतरंजीवर बसवावे. भ्रमणध्वनी मात्र घरी ठेवावा.

सतरंजी रिकामी राहिली, तर कलावंताला पुढच्या वर्षीचे निमंत्रण जात नाही. ध्वनिमुद्रण उद्याही ऐकता येईल. गावात आलेला गायक उद्या निघून गेलेला असेल.