अंतःकरणांतील धास्ती व तिच्यावरील एक उपचार
(महोत्सवानिमित्त झालेलें व्याख्यान)



या महोत्सवांत आपल्या धर्मग्रामाच्या गतकालाविषयीं पुष्कळ बोललें गेलें. आम्हांस नेमून दिलेला विषय मात्र आजच्या घराघरांतला आहे. चिंतेनें ग्रासलेलीं मुलें आणि भार असह्य झालेलीं वडील माणसें यांस सावरावें कसें?

रडणाऱ्यास 'रडूं नको' म्हणावें आणि घाबरणाऱ्याची श्रद्धा उणी ठरवावी, ही आपली जुनी खोड. परंतु लाजराच्या कबरेपाशीं प्रभु येशूनें अश्रु ढाळले आणि गेथशेमाने बागेंत त्याचा जीव व्याकूळ झाला, हें शुभवर्तमान आपण मिस्सेंत ऐकत आलों आहों. मग भीति हें पाप कसें ठरावें? एखादी मुलगी आपली धास्तीच पाप म्हणून निवेदन करूं लागली, तर तिला क्षमेची नव्हे, सोबतीची गरज आहे असें आम्ही म्हणूं.

मात्र सर्व भीति एका जातीची नसते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसूं लागले, तेव्हां कित्येक कुटुंबांनीं थंडींत घराबाहेर रात्री काढल्या. ती भीति खरी व उपकारक होती. तिनें माणसांस भिंतींपासून दूर नेलें. पण बोईसरच्या एखाद्या मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्रीं धाप लागते, अथवा तारापूरच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून आलेला बाप क्षुल्लक कारणावरून ओरडतो, तेव्हां वर दिसतें त्याच्या तळाशीं निराळेंच कांहीं असूं शकतें. मुलाच्या ठिकाणीं 'मी कुचकामी ठरेन' ही लाज; बापाच्या ठिकाणीं, न बोललेलें एकाकीपण.

त्या तळच्या भावनेपर्यंत पोंचणें हें भावनाकेंद्रित मानसोपचाराचें काम. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठांतील लेस्ली ग्रीनबर्ग यांनीं सहकाऱ्यांसह १९८० नंतरच्या काळांत ही पद्धति उभारली. यांत उपचारक उपदेश करीत नाहीं. 'आतां छातींत काय होतें आहे?' असें विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. विश्वास जडल्यावर दोन खुर्च्या समोरासमोर मांडतो. एकीवर बसून मुलगा आपल्याला भेडसावणारा आंतला आवाज मोठ्यानें बोलतो : 'तूं नापास होशील, लोक हंसतील.' मग दुसरीवर बसून तें ऐकणाऱ्याचें दुःख बोलतो. कित्येकदां येथेंच रडूं फुटतें. तें फुटूं द्यावें. हळूहळू 'इतकें कठोर बोलूं नकोस, मला धीर हवा' असे शब्द येतात, आणि टोचणारा आवाजहि मऊ होऊं लागतो. भीतीला केवळ युक्तिवादानें हांकलण्याऐवजीं दुसऱ्या भावनेनें, म्हणजे स्वतःविषयींच्या करुणेनें वा अन्यायाविरुद्धच्या रास्त रागानें पालटावें, हें यांतलें मर्म.

महाराष्ट्रास अधिक परिचय आहे तो कि. मो. फडके यांनीं मराठींत रुजविलेल्या, अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा. तो विचारांपासून आरंभ करतो. चिंतेच्या विकारांवर विचार पालटणाऱ्या उपचारांची पारखहि अधिक झाली आहे, म्हणून त्यांस कमी लेखणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु आपला विचार चुकीचा आहे हें कित्येक मुलांस तोंडपाठ असतें, आणि तरीहि हात कांपायचे थांबत नाहींत! अशांसाठीं ही दुसरी वाट.

हा उपचार शिकलेल्या माणसाकडूनच घ्यावा. खुर्च्यांचा खेळ घरीं मांडूं नये. घरीं करण्याजोगें इतकेंच कीं, मूल बोलूं लागलें म्हणजे उपाय सुचविण्याची घाई न करतां 'तुला फार भीति वाटली, नाहीं का?' असें म्हणून गप्प बसावें. हें गप्प बसणेंच आईबापांस सर्वांत जड जातें.

पण जीव नकोसा झाल्याचें कोणी बोललें, तर वाट पाहूं नये. त्याला एकटें सोडूं नये आणि तांतडीनें डॉक्टरांकडे न्यावें. १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेली सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य आणि मराठींतूनहि मिळते. तो क्रमांक आपल्या घरच्या दिनदर्शिकेवर आजच लिहून ठेवावा.